सातारा ते मिरज: धावती आगगाडी आणि वाघिणींवरची अक्षरे कॅमेऱ्यात कशी टिपावीत

पुण्याहून निघालेला लोहमार्ग नीरा नदी ओलांडून लोणंदजवळ सातारा जिल्ह्यात येतो, आदर्कीचा चढ चढून वाठार, सातारा, कोरेगाव, कराड असा कृष्णेच्या खोऱ्यात उतरतो आणि किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली करीत मिरजेला पोहोचतो. सुमारे २७९ किलोमीटरच्या या मार्गावर छायाचित्रकाराला दोन वेगळे विषय मिळतात. पहिला धावत्या गाडीचा, जो सर्वांना ठाऊक आहे. दुसरा उभ्या डब्यांवर, वाघिणींवर (म्हणजे मालगाडीच्या डब्यांवर), खांबांवर आणि रुळांलगतच्या भिंतींवर माणसांनी लिहून ठेवलेल्या मजकुराचा, ज्याकडे फार थोडे लोक वळतात. नवशिक्याने सुरुवात दुसऱ्या विषयापासून करावी असे माझे मत आहे, कारण लूप लाइनवर, म्हणजे मुख्य मार्गालगतच्या थांबण्याच्या रुळावर, उभी असलेली मालगाडी चूक सुधारायला वेळ देते, तर कोयना एक्स्प्रेस एकदा समोरून गेली की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागते.

रेल्वेवरील ग्रॅफिटी म्हटले की न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे रंगीत डबे डोळ्यांपुढे येतात. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत तिथे फवाऱ्याच्या रंगांनी अख्खे डबे रंगवले जात, आणि ते आज आपल्याला पाहता येतात ते मार्था कूपर व हेन्री चॅल्फंट यांच्यासारख्या छायाचित्रकारांमुळे, कारण मे १९८९ पर्यंत त्या शहराच्या वाहतूक प्रशासनाने सर्व रंगवलेले डबे सेवेतून काढून टाकले होते. आपल्याकडे तशी परंपरा रुजली नाही. आपल्या वाघिणींवर आणि डब्यांवर दिसतो तो खडू, स्टेन्सिलचा पांढरा रंग, वेल्डिंगने उठवलेले आकडे, रंगाऱ्याच्या ब्रशची हिंदी आणि इंग्रजी अक्षरे, आणि प्रवाशांनी नाण्याने कोरलेली नावे. यातला बराचसा मजकूर सौंदर्यासाठी नव्हे, तर कामासाठी लिहिलेला असतो. म्हणून त्याचे चित्र काढण्यापूर्वी तो वाचता आला पाहिजे. ज्याला वाचता येत नाही त्याच्या चित्रात बहुधा गंजाचा सुंदर पोत येतो आणि मजकूर चौकटीच्या कडेला अर्धा कापला जातो.

कुठे उभे राहावे आणि कुठे राहू नये

हा भाग थोडक्यात सांगतो, पण तो वगळून पुढे जाऊ नये. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे रुळांमध्ये, खडीवर किंवा यार्डात उतरून चित्रे काढण्याचा विचार मनात आणू नये. फलाटावर दहा रुपयांचे प्लॅटफॉर्म तिकीट काढून जावे, ते दोन तास चालते हे लक्षात ठेवावे, आणि ट्रायपॉड किंवा मोठी लेन्स बाहेर काढण्यापूर्वी स्टेशनमास्तरांना भेटून आपण काय करणार आहोत ते सांगावे. लहान स्थानकांवर या दोन मिनिटांच्या भेटीचा आणखी एक लाभ असा की कोणती मालगाडी लूपमध्ये घेतली आहे हे अनेकदा आपोआप कळते. व्यावसायिक कामासाठी मात्र रेल्वेच्या जनसंपर्क विभागाची रीतसर लेखी परवानगी लागते.

आता या मार्गावर २५ हजार व्होल्टची तार आहे. तिला हात लागण्याची गरज नसते. पुरेसे जवळ गेले तरी वीज उडी घेते. पादचारी पुलावरून सेल्फी स्टिक, मोनोपॉड किंवा छत्री तारेच्या दिशेने बाहेर काढू नये. येणाऱ्या गाडीवर फ्लॅश मारू नये, कारण लोको पायलटचे डोळे दिपतात. उभी मालगाडी शिट्टी न देताही हलू शकते, तेव्हा दोन वाघिणींच्या मधून पलीकडे जाण्याचा मोह टाळावा. धावत्या गाडीच्या दारात लटकून काढलेली चित्रे समाजमाध्यमांवर भरपूर दिसतात. त्यांपैकी एकही मला त्या धोक्याच्या मोलाचे वाटलेले नाही.

रेल्वेच्या हद्दीबाहेर, शेताच्या बांधावर किंवा फाटकाजवळच्या सार्वजनिक रस्त्यावर उभे राहणे सर्वांत सोयीचे. बांध कोणाचा तरी असतो हे मात्र विसरू नये. सांगली भागात अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन शेतात दिसला की "पावणं, कुठनं आलासा?" अशी चौकशी होतेच. त्या चौकशीची वाट न पाहता आपणच आधी "दादा, गाडीचा फोटो घ्यायचाय, हितं उभा राहू का?" असे विचारले, तर बहुतेक वेळा जागा मिळतेच, शिवाय गाडी रोज कोणत्या वेळी त्या वळणावर येते हेही समजते.

जागा, दिशा आणि ऋतू

प्रकाशाचा विचार नकाशापासून सुरू करावा. लोणंद ते कराड हा मार्ग ढोबळमानाने उत्तर–दक्षिण धावतो आणि कराडनंतर आग्नेयेकडे वळून मिरजेकडे जातो. म्हणून वाठार किंवा कोरेगावजवळ सकाळी गाडीची पूर्वेकडची बाजू आणि दुपारनंतर पश्चिमेकडची बाजू उजळते, तर ताकारी ते सांगली या टप्प्यात हिवाळ्यात सकाळी दहाच्या सुमारापासून सूर्यास्तापर्यंत गाडीची नैर्ऋत्य बाजू प्रकाशात राहते. हिवाळ्यात दिवसभराचे काम करायचे असेल, तर हा दुसरा टप्पा निवडावा आणि लोहमार्गाच्या कृष्णेकडील बाजूचे फाटक शोधावे.

आदर्कीच्या परिसरात मार्ग वळणे घेत चढत असल्यामुळे लांबलचक मालगाडी एकाच चौकटीत वाकलेली दिसू शकते. इथे मोठ्या लेन्सपेक्षा उंच जागा महत्त्वाची असते, कारण सपाटीवरून पाहिले तर पहिले पाच डबे उरलेल्या सर्व डब्यांना झाकून टाकतात. सातारा स्थानक शहरापासून दूर, माहुलीच्या बाजूला आहे, त्यामुळे अजिंक्यताऱ्यासह गाडी एकाच चित्रात आणायची असेल तर लांब फोकल लेंथ आणि स्वच्छ हवा, दोन्ही लागतात. पावसाळा संपल्यानंतरचे पहिले काही आठवडे त्यासाठी उत्तम. मिरजेहून कोल्हापूरकडे जाताना अंकलीजवळ कृष्णेवर रेल्वेपूल आहे. संध्याकाळी काठावरून पुलाकडे बाजूने पाहिले की पलीकडचे आकाश डब्यांच्या खिडक्यांतून आरपार दिसते आणि गाडीची काळी आकृती ठिपक्याठिपक्यांनी उजळते. या चित्रासाठी प्रकाशमापन आकाशावर करून लॉक करावे, गाडी पूर्ण काळी होऊ द्यावी. कृष्णेच्या पात्रात मगरी आहेत, हे सांगलीकरांना सांगायला नको. बाहेरून येणाऱ्यांनी पाण्याच्या अगदी कडेला ट्रायपॉड लावून पाठमोरे बसू नये.

या भागातला खरा ऋतुबदल ऊस घडवतो. पावसाळ्यानंतर रुळांच्या दोन्ही बाजूंना ऊस माणसाच्या वर गेलेला असतो आणि बांधावरून गाडीचे फक्त छप्पर दिसते. नोव्हेंबर–डिसेंबरमध्ये उसाला तुरे येतात. तेव्हा ऊन तुऱ्यांच्या मागून येईल अशा जागी बसून, तुरे स्पष्ट आणि मागून जाणारे लाल डबे अस्पष्ट अशी रचना करता येते. गाळप हंगाम सुरू झाला की एकेक फड तुटतो आणि काल बंद असलेली जागा आज मोकळी होते. याच दिवसांत पहाटे खोऱ्यात धुके उतरते. धुक्यात कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन हेडलाइटला भुलून बाकी सगळे काळे करते, तेव्हा गाडी येण्याआधीच नुसत्या धुक्यावर मापन लॉक करून ठेवावे.

धावती गाडी

गती गोठवायची की वाहू द्यायची हे आधी ठरवावे आणि मग साधा हिशेब करावा. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. म्हणजे १/१००० सेकंदात ती पावणेतीन सेंटिमीटर सरकते आणि १/३० सेकंदात सुमारे ९३ सेंटिमीटर. आपल्यासमोरून आडवी जाणारी गाडी स्पष्ट हवी असेल तर शटरच्या १/१००० सेकंद वेगापासून सुरुवात करावी. ती आपल्याकडे तिरकी येत असेल तर चित्रातील तिचे सरकणे कमी भासते आणि १/५०० वरही काम भागते.

माझा कल मात्र पॅनिंगकडे, म्हणजे कॅमेरा गाडीबरोबर फिरवत चित्र घेण्याकडे आहे. शटर १/३० ते १/६० च्या दरम्यान ठेवावे, पाय रुळांना समांतर रोवून कंबरेपासून वरचे शरीर इंजिनाबरोबर फिरवावे, बटण दाबल्यानंतरही फिरणे थांबवू नये. लक्ष एका ठरावीक बिंदूवर असावे, उदाहरणार्थ इंजिनाच्या बाजूवरील क्रमांकावर. तो क्रमांक वाचता आला तर पॅनिंग जमले असे समजावे, बाकी सर्व पुसट झाले तरी चालते. विद्युतीकरणानंतर तारेचे खांब ठरावीक अंतराने चौकटीत येतात आणि अनेक जण त्याविषयी कुरकुर करतात. पॅनिंगमध्ये हेच खांब उभ्या, विरघळत्या पट्ट्या होतात आणि वेगाला ताल देतात, तेव्हा त्यांना टाळण्यापेक्षा वापरावे.

मोबाइलवर काम करणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. मोबाइलचा संवेदक संपूर्ण चौकट एकाच क्षणी वाचत नाही, तर ओळीमागून ओळ वाचतो, आणि तेवढ्या वेळात गाडी पुढे सरकलेली असते. परिणामी डब्यांच्या उभ्या कडा तिरक्या येतात. हा दोष वाटत असेल तर गाडीच्या थोडे समोरून, तिरक्या कोनातून चित्र घ्यावे. त्याचा खेळ करायचा असेल तर अगदी समोरून आडवी जाणारी मालगाडी जवळून टिपावी. सर्व वाघिणी एका बाजूला झुकलेल्या दिसतात आणि रुळांलगतचा खांब मात्र सरळ राहतो.

२०२४ पासून या मार्गावर धावणाऱ्या कोल्हापूर–पुणे वंदे भारतसारख्या गाड्यांच्या बाजूवर एलईडी पाट्या असतात. वेगवान शटरवर त्या अर्धवट पेटलेल्या किंवा कोऱ्या दिसतात, कारण त्यातील दिवे डोळ्यांना न जाणवेल इतक्या वेगाने लागत-विझत असतात. गाडी फलाटावर उभी असताना १/५० किंवा १/१०० वर घेतल्यास अक्षरे सहसा पूर्ण येतात, आणि फलाटाच्या दिव्यांमुळे चित्रावर उमटणारे पट्टेही जातात.

वाघिणीवरचा मजकूर

मालगाडीच्या वाघिणीवर अकरा आकडी क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात. १० ते २९ म्हणजे उघडी वाघीण, ३० ते ३९ बंद, ४० ते ४९ टाकी. पुढचे दोन आकडे ती कोणत्या रेल्वेच्या मालकीची आहे ते सांगतात, मध्य रेल्वेसाठी ०१. त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, मग चार आकड्यांचा स्वतंत्र क्रमांक आणि शेवटचा आकडा पडताळणीचा. पडताळणीची रीत सोपी आहे. समजा पहिले दहा आकडे १००१०९४५६७ असे आहेत. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या व दहाव्या स्थानावरील आकड्यांची बेरीज २२, तिची तिप्पट ६६, उरलेल्या विषम स्थानांवरील आकड्यांची बेरीज ११, एकूण ७७. पुढील दशक पूर्ण करायला ३ हवेत, म्हणून अकरावा आकडा ३. चित्रात एखादा आकडा गंजाने खाल्लेला असेल, तर या हिशेबाने तो परत मिळवता येतो आणि चित्राखालची ओळ बिनचूक लिहिता येते. पण ते जमायचे तर पूर्ण क्रमांक चौकटीत हवा, हे वेगळे सांगायला नको.

या क्रमांकाच्या आसपास रिकाम्या वाघिणीचे वजन, ती किती भार वाहू शकते आणि मोठ्या दुरुस्तीसाठी कधी परतायचे त्याची तारीख स्टेन्सिलने रंगवलेली असते. दुरुस्तीनंतर जुनी तारीख लाल-तपकिरी चौकोनाने झाकून तिच्यावर नवी लिहितात, त्यामुळे त्या जागी रंगाचा जाड थर साचतो आणि खालच्या आकड्याची कड वरच्या रंगातून किंचित वर आलेली दिसते. स्टेन्सिलखाली झिरपलेला रंग, त्याचे सुकलेले ओघळ, ब्रशचा एखादा तुटून चिकटलेला केस, इतक्या जवळ जाऊन पाहावे. फलाटाला लागून उभ्या असलेल्या वाघिणीवर हे सहज जमते, आणि मोबाइलच्या दुप्पट झूमने, हातभर अंतरावरून, रुंद लेन्सपेक्षा कितीतरी चांगले चित्र मिळते.

याच्या वर, दाराच्या पट्ट्यांवर आणि कोपऱ्यांत, खडूने लिहिलेले असते: तपासणीची तारीख, स्थानकाचे संक्षिप्त नाव, दोष आढळलेल्या वाघिणीवर 'सिक' (इंग्रजीत 'आजारी') असा शेरा. मिरजेसाठी एमआरजे, साताऱ्यासाठी एसटीआर, कराडसाठी केआरडी, सांगलीसाठी एसएलआय ही अक्षरे ओळखता आली की अर्धा मजकूर उलगडतो. खडूचे लिखाण एकावर एक साचत जाते. जुने कोणीतरी तळहाताने पुसलेले असते, त्या पुसण्याची पांढरट कमान शिल्लक असते आणि तिच्यावरून नवी तारीख गेलेली असते. मला यंत्रापेक्षा ही कमान टिपायला अधिक आवडते.

आता प्रकाश. खडू आणि पांढरा रंग यांना स्वतःचाच उठाव असतो, म्हणून त्यांना ढगाळ हवा किंवा सावली मानवते. ऊन असेल तर पांढरे आकडे जळून सपाट होतात. एक्स्पोझर एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश स्टॉप कमी ठेवावे आणि शक्य असल्यास रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, घ्यावी. वेल्डिंगने उठवलेल्या किंवा नाण्याने कोरलेल्या अक्षरांचे याच्या उलट आहे. त्यांचा रंग पार्श्वभूमीसारखाच असल्यामुळे ती फक्त सावलीमुळे वाचता येतात आणि सावलीसाठी प्रकाश पत्र्याला घासून गेला पाहिजे. इथे भर दुपार उपयोगी पडते. सातारा–सांगली भागात शून्य सावलीचा दिवस मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. त्या सुमारास मध्यान्हीचे ऊन वाघिणीच्या बाजूवरून जवळजवळ सरळ खाली उतरते आणि प्रत्येक रिव्हेट, प्रत्येक पोचा, प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. गाडीच्या चित्रासाठी सर्वांत निरुपयोगी ठरवलेली वेळ अक्षरांसाठी सर्वांत चांगली निघते. डोक्यावर टोपी आणि पिशवीत पाणी मात्र असू द्यावे.

पहिल्या वळवाने खडू धुतला जातो आणि तैलरंग राहतो. ओला पत्रा गडद होत असल्याने रंगवलेली अक्षरे तेव्हा अधिक ठसठशीत दिसतात, परंतु त्यांच्यावर आकाशाची चमक येते. पोलरायझर फिल्टर रंगावरील आणि पाण्यावरील चमक घालवतो. उघड्या, घासलेल्या लोखंडाच्या चमकेवर त्याचा परिणाम होत नाही, हे माहीत असले म्हणजे फिल्टर फिरवत बसण्यात वेळ जात नाही.

अक्षरांचे चित्र घेताना कॅमेरा पत्र्याला समांतर ठेवावा, नाही तर ओळ एका बाजूला निमुळती होते. आणि संपूर्ण वाघीण हवी असेल तर चॅल्फंट यांची युक्ती वापरावी: ते समोरच्या फलाटावर उभे राहून, डब्याच्या लांबीभर सरकत, एकमेकांवर थोड्या चढणाऱ्या अनेक चौकटी घेत आणि नंतर त्या जोडून पूर्ण डबा उभा करीत. मिरजेसारख्या अनेक फलाटांच्या स्थानकात, पलीकडच्या रुळावर मालगाडी उभी असेल, तेव्हा हे सहज करता येते. एका जागी उभे राहून कॅमेरा फिरवू नये. दोन पावले सरकावे, चित्र घ्यावे, पुन्हा दोन पावले सरकावे, आणि प्रत्येक चौकटीत मागच्या चौकटीचा सुमारे तिसरा हिस्सा येऊ द्यावा. एक्स्पोझर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक केलेले असावेत. जोडताना दोन वाघिणींमधल्या फटीतून दिसणारी पार्श्वभूमी जुळणार नाही, कारण ती दूर असते. म्हणून सांधा फटीत न ठेवता पत्र्यावर, एखाद्या उभ्या पट्टीच्या कडेला ठेवावा.

अख्खी धावती मालगाडी एकाच लांब पट्टीत हवी असेल, तर शर्यतीचा निकाल टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे तत्त्व उसने घेता येते. मोबाइल फाटकाजवळच्या भिंतीवर किंवा ट्रायपॉडवर अचल ठेवून सेकंदाला २४० चौकटींचा स्लो मोशन व्हिडिओ घ्यावा, मग प्रत्येक चौकटीच्या मध्यभागातील अरुंद उभी पट्टी कापून त्या पट्ट्या क्रमाने शेजारीशेजारी लावाव्यात. हे काम संगणकावर दहा-बारा ओळींच्या लहानशा प्रोग्रामने होते. कॉलेजमधला एखादा भाचा किंवा पुतण्या ते आनंदाने लिहून देतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला दहा मीटर. त्या वेगाने कोळशाची बॉक्सएन वाघीण, जी पावणेअकरा मीटरच्या आतबाहेर लांब असते, साधारण सेकंदाभरात समोरून जाते आणि दोन चौकटींमध्ये गाडी चार सेंटिमीटरच्या किंचित पुढे सरकते. त्या चार सेंटिमीटरला चित्रात जितके पिक्सेल लागतात, तितकीच पट्टी रुंद असावी. पट्टी अरुंद घेतली तर वाघिणी चेपलेल्या येतात, रुंद घेतली तर अक्षरांची पुनरावृत्ती होते. स्थिर पार्श्वभूमीचे आडवे पट्टे होतात, आणि मधेच गाडीने वेग घेतला तर शेवटच्या वाघिणी पहिल्यांपेक्षा आखूड दिसतात. हा फरक दुरुस्त करू नये असे मला वाटते; सिग्नल मिळाल्यावर गाडीने वेग कसा घेतला, त्याचा तो आलेख असतो.

भिंती, पाट्या आणि रंगवण्याचा मोह

वाघिणींखेरीज मजकूर भरपूर आहे. 'सी/फा' लिहिलेली पिवळी पाटी म्हणजे पुढे फाटक आहे, शिट्टी द्या. शेवटच्या डब्यावरचा मोठा फुलीचा आकार आणि एलव्ही (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) ही अक्षरे गाडी तुटलेली नाही याची खूण. पिवळ्या नामफलकावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची असते. लोणंद, आदर्की, सातारा आणि मिरज यांचे फलक एकाच पद्धतीने टिपून शेजारी मांडले तर चढ-उताराची आपोआप मालिका होते. फलकाबरोबर स्थळाचा इतिहासही ठाऊक असावा. शेणोलीचा फलक टिपणाऱ्याला हे माहीत हवे की ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने तिथे रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली होती. किर्लोस्करवाडी टिपणाऱ्याला, की कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. आणि मिरजेच्या फलाटावर उभ्या असलेल्याला, की एके काळी इथे मीटरगेज, ब्रॉडगेज आणि बार्शी लाइट रेल्वेचे नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते.

रुळांलगतच्या भिंतींवर खत, सिमेंट, क्लास, निवडणूक आणि गुप्तरोगांचे दवाखाने यांची जी सरमिसळ असते, तिच्याकडे नाक मुरडू नये. एका जाहिरातीवरून दुसरी रंगवताना रंगाऱ्याने जुन्या अक्षराचा जो काना शिल्लक ठेवला, तो चौकटीत घ्यावा. गाडी त्या भिंतीसमोरून जाईल अशी वेळ साधून, भिंतीवर फोकस ठेवून, १/१५ च्या आसपासच्या शटरने गाडीला रंगाचा पट्टा होऊ द्यावे. डब्यांच्या मधल्या फटींतून अक्षरे झिरपतात आणि अनेकदा अर्थही भलताच लागतो.

स्वतः रंगवण्याचा मोह मात्र आवरावा. चित्र हवे म्हणून वाघिणीवर किंवा डब्यावर स्प्रे मारणे हे सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान आहे. महाराष्ट्रात विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ पासून स्वतंत्र कायदाही आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अहमदाबाद मेट्रोच्या डब्यांवर रंग फवारल्याबद्दल चार इटालियन नागरिकांना अटक झाली होती. शिवाय रंगाखाली वाघिणीचा क्रमांक किंवा दुरुस्तीची तारीख गेली, तर ती वाघीण ओळखणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसाचे काम अडते. हाताने काढलेली अक्षरे चित्रात हवीच असतील, तर दीर्घ एक्स्पोझरमध्ये विजेरीने हवेत लिहिण्याचा प्रयोग आहे; तो स्थानकावर न करता, रुळांपासून पुरेशा दूर, लोको पायलटला कोणताही प्रकाश दिसणार नाही अशा जागी करावा, कारण रात्री रुळांकडे हलवलेला दिवा हा धोक्याचा संकेत मानला जातो.

निवड आणि नोंद

डब्यांच्या आतील दारांवर आणि भिंतींवर कोरलेल्या नावांत दूरध्वनी क्रमांक असतात, आणि ते पुष्कळदा त्या व्यक्तीच्या नकळत, विशेषतः एखाद्या मुलीला त्रास देण्यासाठी, लिहिलेले असतात. असे चित्र प्रसिद्ध करताना क्रमांक वाचता येणार नाही इतका झाकावा. नुसता धूसर केलेला आकडा पुष्कळदा ओळखता येतो, तेव्हा त्यावर सरळ काळी पट्टी टाकावी. काम करणाऱ्या ट्रॅकमन किंवा पॉइंट्समनचा चेहरा ओळखू येत असेल तर त्यांना विचारल्याशिवाय चित्र पुढे देऊ नये.

प्रत्येक चित्राबरोबर तारीख, स्थानक, गाडी कोणत्या दिशेला तोंड करून होती, आणि वाघीण असेल तर पडताळलेला अकरा आकडी क्रमांक लिहून ठेवावा. एकच वाघीण महिन्यांनंतर पुन्हा मिरजेला आलेली सापडण्याची शक्यता कमी असली तरी अशक्य नसते, आणि सापडली तर खडूचे किती थर बदलले हे केवळ त्या नोंदीमुळे कळते. संपादनात रंगांची तीव्रता वाढवताना गंज नारिंगी होऊ लागला की थांबावे. पूर्ण झालेल्या प्रतीबरोबर मूळ रॉ फाइल आणि जोडणीपूर्वीच्या सुट्या चौकटी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, कारण जोडणीतली चूक पुढे लक्षात आली तर ती सुट्या चौकटींवरूनच दुरुस्त करता येते.